खाडीची राखण कोणी करायची?



आपल्या या सदरात बहुधा बी-बियाणे, खते, जनावरे आणि विहिरीचे पाणी यांविषयी बोलणे होते. आज मी तुम्हाला जरा निराळ्या शेताकडे नेणार आहे. या शेताला बांध नाही, सातबारा नाही, आणि दिवसातून दोन वेळा ते पाण्याखाली जाते. तरीही त्यात पीक येते, त्यावर घरे चालतात, आणि नीट राखले नाही तर तेही नापीक होते. हे शेत म्हणजे आपली खाडी आणि किनाऱ्यालगतचा समुद्र.

या विषयाला कारण झाले ते एका वाचक भगिनीचे पत्र. कोकणातील एका खाडीकाठच्या गावातून ते आले आहे. घरची भातशेती अर्धा एकर, चार कलमे आंब्याची, दोन जनावरे. भात झोडून झाले की गावातील बायका ओहोटीच्या वेळी खाडीत उतरतात आणि तिसऱ्या काढतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, दिवाळीनंतरची किराणा दुकानाची उधारी, सासूबाईंचे औषध, हे सगळे या तिसऱ्यांवर भागत आले. पूर्वी अर्ध्या ओहोटीत पाटी भरत असे. आता पाणी उतरल्यापासून चढेपर्यंत वाकून वाकून कंबर मोडते, तरी पाटी अर्धीच राहते.

असे का झाले, तेही बाईंनी स्वतःच लिहिले आहे. दोन-तीन वर्षांपासून एक व्यापारी टेम्पो घेऊन रस्त्यावर उभा राहतो. लहान-मोठी न निवडता सगळी तिसरी तो वजनावर घेतो. त्यामुळे पूर्वी जी बारीक तिसरी पुन्हा पाण्यात टाकली जाई, तीही आता पाटीत जाते. शिवाय बाहेरगावच्या होड्याही येऊ लागल्या आहेत. गावात दोन तट पडले आहेत. काही म्हणतात, सगळेच बंद करा. काही म्हणतात, आम्ही नाही काढल्या तर दुसरे काढतील, मग आम्हीच का नको? बाई विचारतात, ही राखण करायची कोणी? सरकारने, ग्रामपंचायतीने, की आम्ही बायकांनी?

प्रश्न मोठा नेमका आहे. माझा विषय शेतीचा, मासळीचा नव्हे. तरी हे पत्र मला परके वाटले नाही. कारण ‘आम्ही नाही काढल्या तर दुसरे काढतील’ हे वाक्य मी घाटावरच्या गावागावांतून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. तिथे ते तिसऱ्यांबद्दल नसते, पाण्याबद्दल असते. शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर मारले म्हणून आपण तीनशे मारायचे, मग त्याने चारशे मारायचे. शेवटी दोघांच्याही बोअरला फुफाटाच लागतो. जे सर्वांचे असते ते राखायला कोणीच नसते, आणि ओरबाडायला मात्र सगळे असतात. गायरानाचे असेच झाले, ओढ्याच्या वाळूचे असेच झाले. खाडी त्याला अपवाद कशी असेल?

पण याला उपाय नाही असे मात्र नाही. तुमच्यासारख्याच एका खाडीची गोष्ट सांगतो. केरळात कोल्लम जिल्ह्यात अष्टमुडी नावाची मोठी खाडी आहे. तिथे आपल्या तिसऱ्यांच्याच जातीची शिंपली सापडते. लहान होडी घेऊन जायचे, पायाने चाचपून किंवा पाण्यात बुडी मारून शिंपल्या काढायच्या, नाहीतर हाताने ओढायच्या जाळीने गाळातून खरवडून घ्यायच्या, ही तिथली रीत. १९८० नंतरच्या काळात या शिंपल्यांच्या मांसाला परदेशातून मागणी आली. भाव चढला, माणसे वाढली, आणि १९९१ च्या सुमारास वर्षाला दहा हजार टनांपर्यंत शिंपली निघू लागली. सगळ्यांना वाटले, लक्ष्मी आली. पण दोनच वर्षांत, १९९३ पर्यंत, उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. लहान-मोठे सगळेच उपसले गेल्यावर पुढच्या पिकाला बियाणे उरणार कुठून? आपण घरातले बियाण्याचे भात शिजवून खाल्ले तर पुढच्या मृगाला काय पेरणार? तसेच हे झाले.

तेव्हा तिथे चार नियम केले गेले. सल्ला समुद्री मासळीच्या केंद्रीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा होता, त्याला सरकारचे पाठबळ मिळाले, आणि तो पाळला शिंपली काढणाऱ्यांनी. पहिला नियम असा की डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने शिंपली काढायची नाही, कारण त्या खाडीत तो तिच्या विणीचा काळ. दुसरा नियम जाळीचा. जाळीचा आस, म्हणजे जाळीचे भोक, तीस मिलिमीटरपेक्षा लहान नको, म्हणजे बारीक शिंपली आपोआप गळून खाली राहील. तिसरा, यंत्राने उपसा करायचा नाही, हातानेच काढायची. आणि चौथा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एक किलो मांसात चौदाशेपेक्षा जास्त नग बसतील इतक्या लहान शिंपलीचे मांस परदेशी पाठवायचे नाही.

हा चौथा नियम शहाणपणाचा का, ते पाहा. हजारो माणसे खाडीत उतरतात. प्रत्येकाच्या पाटीत कोण डोकावणार? पण माल जातो तो थोड्याच व्यापाऱ्यांच्या काट्यावरून. काट्यावर बारीक माल नाकारला गेला की खाडीत तो काढण्यात काही अर्थच उरत नाही. नाल्याच्या प्रत्येक वळणावर पहारा ठेवण्यापेक्षा एका मोरीवर फळी लावणे सोपे. तुमच्या गावात टेम्पो एकच उभा राहतो, हे लक्षात घ्या. ज्याच्यामुळे दुखणे आले, त्याच्याच काट्यापाशी औषधही आहे.

या नियमांनी अष्टमुडीचे पीक पुढच्या दहा-एक वर्षांत पुन्हा भरून आले. शिंपली काढणे, उकडणे, सोलणे, विकणे यांवर तिथे सुमारे तीन हजार माणसांचा संसार चालत असे. २०१४ साली, जगभर मासेमारी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या एका संस्थेने या शिंपलीला ‘राखून केलेली मासेमारी’ असा शिक्का दिला. भारतातील असा तो पहिलाच शिक्का. त्यासाठी शिंपली काढणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि मत्स्य खाते यांचे एक मंडळ तिथे स्थापन झाले. एका चटईवर बसून बोलायची सवय लागली, हाच त्यातला खरा लाभ असे मी समजतो.

आता गोष्टीचा पुढचा भागही सांगतो, कारण अर्धी गोष्ट सांगणे म्हणजे फसवणूक. अलीकडच्या वर्षांत अष्टमुडीत शिंपली पुन्हा फार घटली आहे. या वेळी कारणे निराळी आहेत. पाणी घाण झाले, खाडीचा तळ बदलला, आणि परदेशातून आलेली शिंपल्यांची एक उपरी जात तिथे तणासारखी माजली. आपल्या शेतात गाजरगवत शिरले, तसेच समजा. २०२४ साली शास्त्रज्ञांनी उबवण केंद्रात तयार केलेले शिंपलीचे लाखो जीव खाडीत सोडले आहेत. म्हणजे तिथे पुन्हा पेरणी चालू आहे.

यातून काय शिकायचे? नियम केल्याने उपसा थांबतो, पण वरून येणारी घाण थांबत नाही. शिंपली पाणी गाळून आपले खाणे मिळवते. त्यामुळे पाण्यात जे येईल ते तिच्या पोटात जाते. म्हणून हा लेख केवळ खाडीकाठच्या वाचकांसाठी नाही. नदीच्या वरच्या अंगाला ज्यांची शेती आहे, त्या बंधूंनो, तुम्हीही या खाडीचे भागीदार आहात. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका. औषधाच्या रिकाम्या बाटल्या वहाळात फेकू नका. बांधबंदिस्ती केलीत तर तुमची माती तुमच्याच शेतात राहील आणि खाली कोणाच्या तरी पाटीवर गाळ बसणार नाही. तुमचा बांध इथे आहे, पण त्याची राखण कितीतरी कोस खाली पोचते.

आता बाईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. राखण कोणी करायची, सरकारने की गावाने?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. गोव्यात १९७० नंतरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी ओरबाडू लागले, तेव्हा रापणकार उठले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे. ते कोणा एकट्याचे नसते. अनेक हात ओढतात आणि मासळीचे वाटे होतात. त्या आंदोलनाच्या दडपणातून १९८० साली तिथे सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. आपल्या महाराष्ट्रात असा कायदा १९८१ सालचा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरच्या पट्ट्यातील मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. पावसाळ्यात १ जूनपासून यांत्रिक होड्यांना बंदी असते. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ साली निर्बंध घातले. दिव्यांचा झोत टाकून मासळी गोळा करण्यास केंद्राने २०१७ साली मनाई केली. २०२१ साली राज्याच्या कायद्यातील दंड वाढवले गेले. २०२३ साली चोपन्न जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिले, म्हणजे त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला.

कायदे कमी नाहीत. पण सातशे वीस किलोमीटर किनारा आणि त्याला लागलेल्या इतक्या खाड्या. प्रत्येक ओहोटीला प्रत्येक काठावर सरकारचा माणूस उभा राहणार तरी कसा? कायदा म्हणजे कुंपणाचे खांब समजा. त्यांना तार बांधायची ती गावानेच.

उलट नुसत्या गावाच्या एकीनेही भागत नाही. ग्रामसभेच्या ठरावाने गावच्या माणसाला बांधता येते. बाहेरून येणाऱ्या होडीला अडवायला मात्र सरकारी अधिकाराचा हात लागतो. गावकरी स्वतः होडी अडवायला गेले की मारामारी होते आणि पोलिसांत नाव लागते ते गावच्याच पोरांचे. म्हणून दोघे हवेत. आत गावाची शिस्त आणि बाहेर सरकारचे पाठबळ.

तुर्कस्तानात अलान्या नावाचे एक गाव आहे. तिथले सुमारे शंभर मच्छीमार जागेवरून भांडत. चांगल्या जागेवर जाळे टाकण्यासाठी झटापटी होत. १९७० नंतर त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. जाळे टाकण्याच्या सर्व जागांची नावे लिहून यादी केली. एकाचे जाळे दुसऱ्याचा मासा अडवणार नाही इतके अंतर जागांमध्ये ठेवले. दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या वाट्याला जी जागा येईल तिथून त्याने सुरुवात करायची आणि रोज एकेक जागा पूर्वेकडे सरकायची. जानेवारीनंतर उलट पश्चिमेकडे सरकायचे. म्हणजे चांगली जागा प्रत्येकाला, वाईट जागाही प्रत्येकाला. पहारेकरी वेगळा लागत नाही. ज्याची आज पाळी आहे, तोच आपली जागा राखतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींनी जगभरच्या अशा कुरणांचा, पाटांचा आणि मासेमारीचा अभ्यास केला. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सर्वांच्या मालकीची वस्तू लोक आपसात नियम करून राखू शकतात, हेच त्यांनी दाखवून दिले.

आपल्याला याचे नवल वाटायला नको. पाटपाण्याच्या पाळ्या आपण पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो आहोत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरावर नव्हे, घरातील माणसांच्या संख्येवर वाटले गेले. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला आणि उसाला मात्र पाणी नाही असे ठरले. नियम कडक होता, पण न्यायाचा होता, म्हणून लोकांनी मानला. माणूस कडक नियम पाळतो, अन्यायाचा पाळत नाही. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. पण ती मला खरी कळली ती माझ्या स्वतःच्या चुकीतून.

पंचवीसएक वर्षांपूर्वी एका कोरडवाहू तालुक्यात पाणलोटाचे काम माझ्याकडे होते. एका गावच्या गायरानावर रोपे लावायची होती आणि त्यासाठी चराईबंदी हवी होती. मी सकाळी अकरा वाजता देवळात सभा घेतली. पन्नासएक माणसे आली. ठराव एकमताने झाला. मी खुशीत होतो. रोपे लागली, पाटी लागली, पण पुढच्या पाडव्यापर्यंत तिथे खुंट तेवढे उरले. मी चिडून चौकशीला गेलो. एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती. ती म्हणाली, ‘साहेब, तुमची सभा झाली तेव्हा आम्ही सगळे रानात होतो. अकरा वाजता शेळ्या घेऊन घरी कोण बसतं? आम्हाला विचारलं असतं तर कुठं चारायचं न् कुठं नाही ते आम्हीच सांगितलं असतं.’

माझी मान खाली गेली. ठराव एकमताने झाला होता खरा, कारण ज्यांचे पोट त्या गायरानावर होते त्यांपैकी एकही जण तिथे नव्हता. पुढच्या वर्षी दिवेलागणीला, त्यांच्या वस्तीवर सभा घेतली. त्यांनीच गायरानाचे तीन भाग पाडले. एक बंद, दोन उघडे, दरसाल फिरते. त्या वेळी पाटी लावावी लागली नाही. राखण शेळीवाल्यांनीच केली.

म्हणून बाई, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. राखण तुम्ही बायकांनीच करायची, कारण खाडीत वाकणारी कंबर तुमची आहे. पण एकटीने नव्हे आणि रिकाम्या हाताने नव्हे. ती कशी करावी, याबद्दल माझ्या अल्प अनुभवातून थोडे सुचवतो.

पहिले म्हणजे सभा ओहोटीच्या वेळी ठेवू नका. भरतीच्या वेळी, काठावरच बसा. खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या वाड्यांना बोलवा. एका काठाने नियम केला आणि दुसऱ्याने पाटी भरली, तर महिनाभरातच नियम मोडेल. तिसऱ्यांवर कोणकोणती घरे अवलंबून आहेत त्यांची नावे लिहून काढा. ज्या घराला दुसरे काहीच साधन नाही, त्याचे नाव सर्वांत वर लिहा. त्या घराचे म्हणणे आधी ऐका.

दुसरे, एक हंगाम वही ठेवा. शाळेत जाणारी एखादी मुलगी हे काम आनंदाने करील. आज किती जणी उतरल्या, किती वेळ होत्या, किती पाट्या निघाल्या, त्यात बारीक किती. महिन्याच्या महिन्याला लिहा. खाडी कमी झाली हे सगळे तोंडाने म्हणतात, पण वहीतला आकडा दाखवला की वाद मिटतो आणि साहेबही ऐकतो.

तिसरे, नियम थोडे करा आणि सोपे करा. अष्टमुडीचे महिने आणि अष्टमुडीचा आस जसाच्या तसा उचलू नका. त्यांची खाडी वेगळी, तुमची वेगळी. तुमच्याकडे तिसरी कधी वितात आणि किती वाढल्यावर वितात हे विचारायला रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. ते १९८१ पासून हेच काम शिकवते. तिथल्या गुरुजींना एक पत्र घाला, वही दाखवा. त्यांचे उत्तर येईपर्यंत एवढे तरी करा. सगळ्यांनी एकाच भोकाची चाळण वापरायची आणि खाली पडेल ते तिथेच, त्याच पाण्यात परत टाकायचे. घरी नेऊन निवडू नका. उन्हात फार वेळ राहिलेले बारीक तिसरे परत टाकून जगेलच असे नाही.

चौथे, खाडीचा एक तुकडा पड ठेवा. आपण जमीन पड ठेवतो ती आळसाने नव्हे, पुढच्या पिकासाठी. हा तुकडा शक्यतो वाडीसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असावा. दूर आडबाजूला ठेवाल तर रात्री कोण उतरले ते कळायचे नाही.

पाचवे, व्यापाऱ्याला सभेला बोलवा. त्याला शत्रू समजू नका. तिसऱ्या संपल्या तर त्याचाही टेम्पो रिकामा जाईल. बारीक माल घ्यायचा नाही आणि मोठ्या मालाला दोन पैसे जास्त द्यायचे, एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्या. तुम्ही सगळ्या बचत गटातून एकत्र विकाल तर त्याला ऐकावेच लागेल. एकेकटी विकाल तर तो एकेकीला फोडील.

सहावे, दंड पहिल्यांदा लहान ठेवा. पहिल्या चुकीला समज, दुसऱ्या चुकीला थोडा दंड, तिसऱ्या चुकीला काही दिवस खाडी बंद. पहिल्याच चुकीला मोठा दंड लावलात तर तो वसूल होत नाही, आणि वसूल न होणारा दंड नियमाची अब्रू घालवतो. राखणदारही तुमच्यातल्याच, पाळीपाळीने. आणि दंड सरपंचाच्या सुनेलाही लागला पाहिजे. एकदा का तिथे डोळेझाक झाली की नियम संपलाच म्हणून समजा.

सातवे आणि सगळ्यांत महत्त्वाचे. बंदीच्या महिन्यांत चूल कशी पेटणार, हे बंदी करण्याआधी ठरवा. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांना वाल, कुळीथ, भाजीपाला आहे. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी बचत गटातून बिनव्याजी उचल, पड ठेवलेल्या तुकड्याच्या पहिल्या काढणीत जास्त वाटा, असे काहीतरी हवे. कांदळवनाच्या काठच्या गावांसाठी राज्याची २०१७ पासूनची एक योजना आहे. तिच्यात गावाची समिती करून कालवे, खेकडे यांचे पालन करता येते. तुमचे गाव तिच्यात बसते का, याची कांदळवन कक्षाकडे चौकशी करा. उपाशी माणसाला राखण सांगणे हे पाप आहे, आणि ती टिकतही नाही.

हे सगळे झाले की मग ग्रामसभेत ठराव घ्या. दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींचा, एकाच मजकुराचा. वहीची नक्कल जोडा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका. बाहेरची होडी आली तर तिच्यावर धावून जाऊ नका. तिचा नंबर, दिवस, वेळ लिहा आणि कळवा. एकदा कळवून कोणी येणार नाही कदाचित. दहा वेळा कळवा. लिहिलेला कागद कपाटात पडला तरी मरत नाही.

याने एका वर्षात पाटी भरेल असे मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी उलट पाटी आणखी हलकी येईल, कारण बारीक परत टाकायचे आहे. तेव्हाच काही जणी म्हणतील, काय मिळाले हे करून? त्या वेळी वही उघडा आणि पड ठेवलेल्या तुकड्यात सगळ्या मिळून एकदा पायाने चाचपून पाहा. पायाखाली जे लागेल, त्याहून मोठे भाषण मी करू शकत नाही.

बाईंनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे की त्यांची धाकटी मुलगी त्यांच्याबरोबर खाडीत येते आणि बारीक तिसरी हळूच पुन्हा पाण्यात सोडते. त्यांनी तिला रागावले, कारण तेवढे वजन कमी भरते. बाई, पुढच्या वेळी तिला रागावू नका. तिला चाळण द्या आणि वहीही तिच्याच हाती द्या.

तुमच्या गावची खाडी असो, गायरान असो की पाझर तलाव असो, तुम्ही तो कसा राखता, किंवा राखता राखता कुठे चुकलात, हे मला अवश्य कळवा. चुकीचे पत्र आधी पाठवा. त्यातून सगळ्यांनाच जास्त शिकायला मिळते.